परकायाप्रवेश आणि हशा : प्र. के. अत्रे यांच्या वाङ्मयीन कारकीर्दीची एक संगती

प्रल्हाद केशव अत्रे यांच्याविषयी लिहू लागताच अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती वर्गीकरणाची. कवी, विडंबनकार, नाटककार, पटकथालेखक, चित्रपटनिर्माते, शिक्षक, वक्ते, संपादक, लोकप्रतिनिधी अशी विशेषणांची माळ गुंफून त्यांचे स्मरण करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. या माळेमुळे त्यांचे कर्तृत्व मोठे दिसते, परंतु त्याचा उलगडा होत नाही. वाङ्मयेतिहासात त्यांचे विडंबन काव्याच्या प्रकरणात, नाटके रंगभूमीच्या प्रकरणात आणि अग्रलेख वृत्तपत्रांच्या प्रकरणात विखुरले जातात; चित्रपटकथांना तर बहुधा कोणतेच प्रकरण लाभत नाही. परिणामी एकाच लेखकाचे पाचसहा लेखक होतात आणि त्यांतील प्रत्येक जण आपापल्या क्षेत्रात दुय्यम ठरतो. अत्र्यांविषयीच्या मूल्यमापनात जो एक संकोच नेहमी जाणवतो, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या विभागणीत आहे.

प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची संगती दोन सूत्रांच्या आधारे लावण्याचा प्रयत्न केला आहे. पहिले सूत्र परकायाप्रवेशाचे. दुसऱ्यासाठी लिहून देणारा लेखक आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर ठेवतो. विडंबनकार दुसऱ्याचा आवाज आपल्या लेखनात आणून बसवतो. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही व्यवहारांना लागणारे कौशल्य मात्र एकच असते. आपली नसलेली वाणी इतकी आत्मसात करायची की तिचा मूळ धनीही क्षणभर चकावा. दुसरे सूत्र व्यवसायाचे. विनोद ही लेखकाची खासगी वृत्ती न राहता तो नाटक मंडळी, चित्रपटसंस्था, वृत्तपत्र आणि व्याख्यानमंच यांना पोसणारा एक जाहीर व्यवहार व्हावा, यासाठी मराठीत अत्र्यांइतकी खटपट दुसऱ्या कोणी क्वचितच केली असेल. या दोन सूत्रांचा परस्परसंबंध कसा जुळत गेला आणि त्याची किंमत काय पडली, हे पाहणे उद्बोधक ठरावे.

१

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुरंदर तालुक्यातील कोडीत या गावी झाला. बालपण सासवडला, कऱ्हेच्या काठी गेले. पुढे पाच खंडांत लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले, यावरून त्या परिसराशी असलेले त्यांचे नाते ध्यानात येते. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९१९ मध्ये पदवीधर झाले. या पुण्याच्या वास्तव्यातच राम गणेश गडकरी यांच्या सहवासाचा लाभ त्यांना झाला. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन पावले. म्हणजे अत्र्यांच्या पदवीचे आणि गुरूच्या निधनाचे वर्ष एकच होय.

गडकऱ्यांकडून अत्र्यांनी काय घेतले, याचे उत्तर सामान्यतः कल्पनाविलास आणि कोटिबाजपणा असे दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. गडकरी हे एकाच वेळी तीन नावांनी वावरणारे लेखक होते. नाटककार राम गणेश, कवी गोविंदाग्रज आणि विनोदकार बाळकराम. प्रत्येक नावाला स्वतंत्र भाषा, स्वतंत्र लय आणि स्वतंत्र वाचकवर्ग होता. शिवाय ज्या रंगभूमीवर ते वाढले, तिथे कर्तृत्वाची वाटणी ही नित्याची बाब होती. 'एकच प्याला'तील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली, आणि तरीही ते नाटक गडकऱ्यांचेच मानले जाते. लेखन हे पूर्णपणे एका माणसाचे असते, ही कल्पना त्या काळच्या नाटकी जगात फारशी रुजलेली नव्हती. नट, मालक, पदकार, नाटककार आणि प्रेक्षक या सर्वांच्या गरजांतून संहिता सिद्ध होई. अत्र्यांनी लेखनाची उमेदवारी केली ती या वातावरणात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'द्वारे सुरू केलेली आणि गडकऱ्यांनी पुढे नेलेली विनोदाची परंपरा त्यांच्याकडे आली, ती या व्यवहारी जाणिवेसह आली.

२

अत्र्यांचे पहिले खळबळजनक पुस्तक म्हणजे १९२५ साली 'केशवकुमार' या नावाने प्रसिद्ध झालेले 'झेंडूची फुले'. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचा तो भराचा काळ होता. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी काव्यगायनाची प्रथा रूढ केली होती आणि तिच्याबरोबर काही संकेतही रूढ केले होते. प्रेमाची हळवी भाषा, फारसी शब्दकळेचा सोस, वृत्तांचे नवे प्रयोग, कवीच्या दुःखाचे प्रदर्शन हे ते संकेत होत. केशवकुमारांनी या संकेतांची टिंगल बाहेरून केली नाही. त्यांनी त्या कवींची वृत्ते, त्यांची शब्दकळा आणि त्यांच्या वाक्यांची ठेवण उचलली आणि तिच्यात क्षुद्र, घरगुती, हास्यास्पद आशय भरला. उंची पात्रात शिळी कढी वाढावी, तसा हा प्रकार होता.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. विडंबन यशस्वी होण्यासाठी विडंबनकाराला मूळ कवितेवर प्रभुत्व असावे लागते. ज्या कवितेचा उपहास करायचा तीच कविता चांगली लिहून दाखवण्याची क्षमता त्याच्यापाशी हवी. केशवकुमारांपाशी ती होती, हे १९३५ साली निघालेल्या 'गीतगंगा' या त्यांच्या गंभीर कवितांच्या संग्रहावरून दिसते. 'आजीचे घड्याळ' ही त्यांची कविता शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केली. तिचा कर्ता आणि 'झेंडूची फुले'चा कर्ता एकच आहे, हे त्यांपैकी बहुतेकांच्या मनात कधी आलेही नसेल. उपहासाच्या यशाने गंभीर कवीला झाकून टाकले. परकायाप्रवेशाची ही पहिली किंमत होय. ती अत्र्यांना कारकीर्दीच्या आरंभीच मोजावी लागली.

३

विडंबनाने नाव मिळाले, पण उपजीविका शिक्षकीची होती. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापक म्हणून अत्र्यांनी दीर्घकाळ काम केले. मधल्या काळात इंग्लंडला जाऊन त्यांनी १९२८ मध्ये लंडन विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील पदविका संपादन केली. तेथून परतल्यावर त्यांचे लक्ष पाठ्यपुस्तकांकडे वळले आणि 'नवयुग वाचनमाला' सिद्ध झाली.

साहित्याचे अभ्यासक या वाचनमालेकडे सहसा वळत नाहीत, आणि ही उपेक्षा योग्य नाही. जुनी क्रमिक पुस्तके प्रौढ माणसाच्या आवाजात मुलाशी बोलत. उपदेश हा त्यांचा स्थायीभाव होता. नव्या वाचनमालेने मुलाला रुचेल, त्याला हसवेल आणि त्याच्या जिभेवर सहज बसेल अशी भाषा शोधली. वर्गातील पोराच्या कानाने मराठी ऐकण्याचा हा सराव अत्र्यांना पुढे रंगभूमीवर उपयोगी पडला. त्यांच्या संवादांतील लहान वाक्ये, ठसठशीत क्रियापदे आणि पहिल्याच श्रवणात पोहोचणारा अर्थ यांचे श्रेय केवळ प्रतिभेला देऊन चालणार नाही. अनेक वर्षे फळ्यासमोर उभे राहून मिळवलेली ती शिस्त आहे. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला पानागणिक आपले नाव मिरवता येत नाही. मूल धडा लक्षात ठेवते, धडा लिहिणाराला विसरते. अनामिक राहून परिणाम साधण्याचा हा अनुभव लेखकाच्या अहंतेला एक वेगळे वळण लावतो.

४

१९३१ साली हिंदुस्थानात बोलपट आला आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या बोलपटाने मराठी बोलू लागलेला पडदा प्रेक्षकांसमोर आणला. संगीत नाटकांवर जगणाऱ्या मंडळ्या एकामागून एक डबघाईला येऊ लागल्या. पल्लेदार पदे आणि रात्रभर चालणारे प्रयोग यांच्यावर पोसलेला प्रेक्षक चित्रगृहाकडे वळला. अशा पडत्या काळात बालमोहन नाटक मंडळीने १९३३ मध्ये अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आणले. सूर्यनमस्काराच्या वेडापासून तऱ्हेतऱ्हेच्या खुळांपर्यंत तत्कालीन मध्यमवर्गाच्या छंदांची त्यात केलेली थट्टा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. त्यानंतर 'घराबाहेर' (१९३४), 'भ्रमाचा भोपळा' (१९३५), 'लग्नाची बेडी' (१९३६) आणि 'उद्याचा संसार' (१९३६) अशी नाटकांची रांगच लागली.

या नाटकांचे वाङ्मयीन मूल्य स्वतंत्रपणे चर्चिले गेले आहे. येथे त्यांच्या व्यावसायिक बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. अत्र्यांनी नाटक मंडळीची शक्ती ओळखून संहिता रचल्या. कोणता नट कोणते वाक्य कसे फेकील, कोणत्या जागी टाळी येईल, हशा ओसरायला किती अवधी द्यावा लागेल, हे हिशेब त्यांच्या लेखनात आधीच केलेले असतात. नटाच्या तोंडी बसणारे वाक्य लिहिणे हाही दुसऱ्यासाठी लिहिण्याचाच एक प्रकार होय. मात्र हशा हे या नाटकांचे एकमेव उद्दिष्ट नव्हते. 'घराबाहेर'मधील निर्मला सासरचा उंबरठा ओलांडते आणि 'उद्याचा संसार'चा शेवट शोकाकडे झुकतो. विनोदाने नाट्यगृह भरवायचे आणि भरलेल्या नाट्यगृहापुढे स्त्रीच्या दुःखाचा प्रश्न मांडायचा, ही युक्ती अत्र्यांनी जाणीवपूर्वक वापरली.

याच सुमारास ते पुणे नगरपालिकेच्या राजकारणातही उतरले. रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. निवडणुकीच्या अनुभवातून १९३९ चे 'मी उभा आहे' हे प्रहसन आले. आपण ज्या रिंगणात उतरलो त्याच रिंगणाची थट्टा करून तिचेही नाटक करायचे, यात अत्र्यांचा स्वभाव आणि धंदा दोन्ही दिसतात.

५

रंगभूमीला हात देणाऱ्या अत्र्यांनी तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही हात दिला. मास्टर विनायक आणि बाबुराव पेंढारकर यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी 'धर्मवीर' (१९३७), 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हे चित्रपट लिहिले. तोपर्यंत मराठी पडद्यावर पौराणिक, ऐतिहासिक आणि संतपटांचे वर्चस्व होते. विनोद हा मुख्य कथेतील विश्रांतीचा भाग असे. 'ब्रह्मचारी'मध्ये आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेणारा तरुण आणि 'ब्रँडीची बाटली'मध्ये एका बाटलीच्या शोधात निघालेला भाबडा माणूस हेच कथेचे केंद्र झाले. दामुअण्णा मालवणकरांसारख्या विनोदी नटाला संपूर्ण चित्रपट पेलण्याची संधी मिळाली. सामाजिक विनोदी चित्रपट हा स्वतंत्र प्रकार म्हणून मराठीत रुजला, त्यात या चित्रपटांचा वाटा मोठा आहे.

पुढे अत्रे केवळ लेखक राहिले नाहीत. 'पायाची दासी' (१९४१) आणि 'वसंतसेना' (१९४२) या चित्रपटांच्या वेळी ते निर्मितीच्या जबाबदारीत उतरले. निर्माता झाल्यानंतर लेखकाला आपल्या शब्दांची किंमत रुपये-आण्यांत मोजावी लागते. या व्यवहारात त्यांना नफ्याबरोबर तोटाही सोसावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. याच काळात, १९४२ साली, नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याने कवींची टर उडवली, नाटके विकली, चित्रपट काढले, अशा माणसाला सारस्वताच्या व्यासपीठावर हे मानाचे स्थान मिळावे, ही घटना विनोदाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

परक्या संहितांशी अत्र्यांचा संबंध दोन प्रकारचा होता. ब्रँडन टॉमसच्या 'चार्लीज आँट'वरून 'मोरूची मावशी' आणि मोलिएरच्या कंजुषावरील नाटकावरून 'कवडीचुंबक' बेतताना त्यांनी परदेशी पात्रांना असे मराठी देहधर्म दिले की मूळ कृतीची आठवण होऊ नये. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात विजय चव्हाण यांनी मावशीची भूमिका गाजवली, तेव्हा ती मावशी इंग्लंडातून आली आहे याची जाणीव प्रेक्षागृहात फारच थोड्यांना असावी. याच्या उलट टोकाला 'श्यामची आई' आहे. साने गुरुजींच्या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढताना अत्र्यांनी आपला विनोद, आपला टवाळपणा, आपले गर्जणारे व्यक्तिमत्त्व बाजूला ठेवले. थट्टेखोर संपादकाने अत्यंत हळव्या लेखकाच्या स्वरात बोलावे, आणि तो स्वर कोठेही खोटा वाटू नये, हे परकायाप्रवेशाचे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण उदाहरण होय. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी त्यांचा 'महात्मा फुले' पडद्यावर आला.

६

१९४० मध्ये अत्र्यांनी 'नवयुग' साप्ताहिक सुरू केले आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक 'मराठा' काढले. द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येऊन तेव्हा पंधरवडाच लोटला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मराठा'ने केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिचा विचार आणखी एका अंगाने करावयास हवा. अग्रलेखावर लेखकाची सही नसते. तो पत्राच्या नावाने, आणि लढ्याच्या दिवसांत तर समूहाच्या नावाने बोलतो. गिरणीतला कामगार, गावातला शेतकरी, शाळेतला शिक्षक यांना जे म्हणावयाचे होते पण शब्दांत मांडता येत नव्हते, ते अत्रे त्यांच्या वतीने लिहीत. वाचकाला आपणच लिहिल्यासारखे वाटावे, इतके ते लेखन त्याच्या जिभेचे होते. आयुष्यभर गोळा केलेल्या सर्व सवयी येथे एकत्र आल्या. विडंबनकाराची नक्कल, शिक्षकाचे सोपेपण, नाटककाराचा टाळीचा हिशेब या साऱ्यांचा त्यात समावेश होता. व्याख्यानांतही हेच घडे. हजारोंच्या सभेला हसवत हसवत संतापाच्या टोकावर नेण्याची हातोटी ही रंगमंचावरून व्यासपीठावर आणलेली कला होती.

परंतु याच ठिकाणी तिची मर्यादाही स्पष्ट होते. दुसऱ्याच्या बोलीत शिरण्याची शक्ती प्रतिपक्षाला नामोहरम करण्यासाठी वापरली की विनोद व्यक्तीच्या अब्रूवर उतरतो. ना. सी. फडके यांच्याशी झालेल्या वादांपासून राजकीय विरोधकांवरील प्रहारांपर्यंत अत्र्यांच्या लेखणीने अनेकदा औचित्याची रेषा ओलांडली. आज ते लेखन वाचताना भाषेचा जोम दिसतो आणि विचाराचा तोल ढळलेलाही दिसतो. समूहाच्या वतीने बोलणाऱ्याला समूहाचा राग फुलवण्याचा मोह आवरत नाही, हे त्याचे कारण असावे. त्यांच्या चाहत्यांनी ही बाजू झाकण्याचे कारण नाही, आणि टीकाकारांनी तिच्यावरच थांबण्याचेही कारण नाही. ज्या नेहरूंवर त्यांनी लढ्याच्या काळात कठोर टीका केली, त्यांच्याच निधनानंतर १९६४ मध्ये त्यांनी 'सूर्यास्त' ही लेखमाला लिहिली. तिच्यातील शोक अकृत्रिम आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मनात शिरण्याची जी शक्ती उपहासाला लागते, तीच मृत्युलेखाच्या करुणेलाही लागते, हे या लेखमालेवरून पटते.

७

या दृष्टीने पाहिले असता १९६२ चे 'तो मी नव्हेच' हे नाटक अत्र्यांच्या कारकीर्दीत अर्थपूर्ण ठरते. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग केला. एका गाजलेल्या फसवणुकीच्या खटल्याचा आधार घेऊन रचलेल्या या नाटकात लखोबा लोखंडे हा आरोपी न्यायालयात उभा आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशी सोंगे घेऊन त्याने अनेकांना लुबाडले आहे, आणि प्रत्येक साक्षीदारासमोर तो आपली ओळख शांतपणे नाकारतो. फिरत्या रंगमंचामुळे न्यायालय आणि गतकाल यांच्यातील ये-जा शक्य झाली. प्रभाकर पणशीकर यांनी ही भूमिका अनेक दशके केली.

हे नाटक ठकसेनाची करमणूक म्हणून पाहिले जाते. प्रेक्षक लखोबाला हसतो, त्याच्या धिटाईवर खूश होतो आणि त्याच वेळी त्याने उद्ध्वस्त केलेल्या स्त्रियांच्या साक्षी ऐकतो. हसणे आणि हळहळणे यांची ही ओढाताण हाच नाटकाचा कणा आहे. दर प्रवेशात नवी बोली, नवा पेहराव, नवे नाव घेणारा लखोबा हा परकायाप्रवेशाचा विकृत अवतार आहे. तो ज्या कौशल्यावर जगतो, ते कौशल्य त्याला निर्माण करणाऱ्या लेखकाच्याही हाताशी आहे. भेद आहे तो हेतूचा आणि उत्तरदायित्वाचा. सोंग कोणासाठी घेतले आणि त्याचा जमाखर्च कोण देणार, हा प्रश्न नाटककाराने न्यायालयाच्या चौकटीत उभा केला. अत्र्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे सिद्ध करता येणार नाही. तथापि साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या एका बहुरूपी लेखकाच्या हातून हा विषय इतक्या ताकदीने हाताळला जावा, हा केवळ योगायोग मानणेही कठीण आहे.

८

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात त्यांची प्रतिमा बव्हंशी किस्से आणि कोट्या यांच्यावर उभी राहिली. त्यांच्या नावावर खपणारे कित्येक विनोद त्यांचे आहेत की नाहीत, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ज्याने आयुष्यभर इतरांच्या आवाजात लिहिले, त्याच्या नावाखाली इतरांनी विनोद रचावेत, हा काळाने केलेला उलटा व्यवहार म्हणावा लागेल. पण या आख्यायिकांच्या गर्दीत ग्रंथ मागे पडतात, ही वस्तुस्थिती अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

विनोद हा लेखनाचा हलका प्रकार असून त्याच्या जोडीला धंदा आला की तो अधिकच हलका होतो, असा एक अलिखित समज आपल्या अध्यापनात दीर्घकाळ टिकून आहे. अत्र्यांचे चरित्र हा समज तपासून पाहण्यास भाग पाडते. त्यांनी विनोदाला नाट्यगृह, चित्रपटगृह, शाळा आणि वृत्तपत्र अशा ठिकाणी पोहोचवले, आणि त्या त्या ठिकाणी स्त्रीचे पारतंत्र्य, ढोंगी धार्मिकता, भाषिक समूहाची उपेक्षा हे प्रश्न त्याच्या पाठीवर बसवून नेले. या प्रवासात गंभीर कवी मागे राहिला, औचित्याचा तोल अनेकदा गेला, आणि स्वतःचा असा एकच सूर त्यांच्यापाशी उरला नाही. लाभ आणि हानी या दोहोंची नोंद एकाच खतावणीत करावी लागेल. 'झेंडूची फुले', 'नवयुग वाचनमाला', 'ब्रह्मचारी'ची पटकथा, 'मराठा'चे अग्रलेख आणि 'तो मी नव्हेच' यांचे वाचन एका अभ्यासक्रमात, एका लेखकाचे सलग लेखन म्हणून झाले, तर विडंबनाची भाषा अग्रलेखात कशी उतरली आणि वर्गातील सोपेपणा संवादात कसा मुरला, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संहितांच्या आधारे पाहता येईल. असे वाचन विद्यापीठीय वर्गांतून सुरू होणे अगत्याचे आहे.